फोर बाय फोर घेतलीत? आता गाडीखाली झोपा

लागणारं सामान: रिंग पान्यांचा सेट, चांगला टॉर्च, ऑइल धरायला पसरट डबा, बाद झालेला बनियन, फ्रिजचं खोकं उघडून केलेला पुठ्ठा आणि चाकांना लावायला दोन विटा. याशिवाय घरच्यांना ‘अर्ध्या तासात येतो’ असं सांगण्याचं धैर्य. जॅक असेल तर बाजूला ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. या लेखात गंमत न करता सांगितलेल्या गोष्टी थोड्या आहेत, त्यातली ही पहिली.

आधी ओळख. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या पाठीला लागलेली बिडाची किंवा ॲल्युमिनियमची पेटी. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून या पेटीत येते आणि इथून पुढच्या नि मागच्या शाफ्टला वाटली जाते. टू-एच टाकलं की फक्त मागच्या चाकांना, फोर-एच टाकलं की चारही चाकांना. फोर-एल टाकलं की चारही चाकांना आणि शिवाय दोन ते अडीच पट जोर; त्या बदल्यात गाडी बैलगाडीच्या बेताने चालते. यांच्या अध्येमध्ये एक ‘एन’, म्हणजे न्यूट्रल, असतो. त्याच्यावर खाली स्वतंत्र प्रकरण आहे, कारण नवशिक्यांचा सर्वांत जास्त पैसा तोच वाचवतो किंवा घालवतो.

महाराष्ट्राला ही पेटी नवी नाही. महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीज जीप जुळवायला घेतली ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस. पुढे कलेक्टर, वनखातं, साखर कारखान्याचे चेअरमन अशा सगळ्यांच्या बुडाखाली ही पेटी घरघरत राहिली. त्या जीपला गिअरच्या लिव्हरशिवाय आणखी दोन छोटे लिव्हर असत, एक पुढची चाकं जोडायला आणि दुसरा हाय-लो करायला. तिसरा हात नसलेला माणूसही ती चालवत असे. आता एका लिव्हरमध्ये किंवा एका गोल खटक्यात सगळं भागतं, तरी तक्रारी वाढल्या आहेत.

पायरी पहिली: पेटी आहे याची खात्री करा

हसू नका. २०२० साली आलेली नवी थार सुरुवातीला फोर बाय फोरच मिळत होती. जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांवर चालणारी थार आली. रूप तेच, उंची तीच, किंमत कमी. आणि ‘फोर बाय फोर’ लिहिलेला चकचकीत बिल्ला ॲक्सेसरीच्या दुकानात कोणालाही मिळतो. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर बिल्ल्याला नमस्कार करून पुढे चला आणि गिअरच्या शेजारी दुसरा लिव्हर किंवा खटका आहे का ते बघा. मग खाली वाकून पुढच्या ॲक्सलकडे जाणारा शाफ्ट दिसतो का बघा. शाफ्टच नसेल तर तुमची ट्रान्सफर केस जन्मात बिघडणार नाही. पेढे वाटा आणि लेख इथेच मिटा.

पायरी दुसरी: इंजिन घुमतं, गाडी हलत नाही

सकाळी गाडी काढता. पहिला गिअर पडतो, क्लच सोडता, इंजिन छान आवाज करतं, आणि गाडी जागच्या जागी. रिव्हर्स टाकता, तेच. एवढ्यात सोसायटीतले एक काका येतात. ज्यांच्याकडे कधीही गाडी नव्हती असेच काका येतात. ते सांगतात, ‘क्लचप्लेट गेली. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं. बारा हजार.’

काकांना चहा द्या आणि छोट्या लिव्हरकडे बघा. तो एनमध्ये आहे. कोणी टाकला हे विचारू नका. गाडी धुणाऱ्याचं कोपर, मुलाचा पाय, तुमची स्वतःची बॅग, कोणीही असेल. लिव्हर टू-एचला आणा. दुरुस्तीचा खर्च शून्य. काकांचा चहा वेगळा.

एनची दुसरी बाजू मात्र हसण्यासारखी नाही. पेटी एनमध्ये असेल तर गिअरबॉक्स आणि चाकं यांचा संबंध तुटलेला असतो. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून उतरलात काय किंवा ऑटोमॅटिकमध्ये ‘पी’ला टाकून उतरलात काय, उतारावर ती निघून जाऊ शकते. तिला धरणारा फक्त हँडब्रेक. घाटात चहाला थांबताना लिव्हर कुठे आहे हे बघून मगच दार उघडा, आणि चाकाला दगड लावा. ट्रकवाले लावतात, त्यांना काही तुमच्यापेक्षा कमी कळत नाही.

जुनी जीप बाळगणाऱ्यांनी एक जादा गोष्ट लक्षात ठेवावी. त्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी एका ड्रमवर असतो. तिथलं ऑइल सील गळायला लागलं की ऑइल थेट त्या ब्रेकच्या शूजवर जातं. मालक वर बसून केबल ताणतो, आणखी ताणतो, गॅरेजवाल्याकडून पुन्हा ताणून घेतो. हँडब्रेक काही धरत नाही. तेलात भिजलेला शू कितीही आवळला तरी घसरणारच. अशा वेळी केबल सोडा आणि सील बघा.

पायरी तिसरी: लिव्हर अडकला

नवशिक्यांच्या तक्रारींतली ही महाराणी. ‘फोर-एचमधून टू-एचला येतच नाही. पेटी जाम झाली.’ तक्रार करणारा हे सांगतो तेव्हा त्याच्या तळहाताला लिव्हरच्या मुठीवरचा गिअरचा नकाशा उमटलेला असतो, कारण त्याने दोन्ही हातांनी, मग पाय टेकवून, मग मावसभावाला मागून जोर लावायला सांगून प्रयत्न केलेला असतो.

पेटी जाम झालेली नाही, ती पिळली गेली आहे. हिच्यासारख्या बहुतेक पेट्यांत, म्हणजे ‘पार्ट-टाइम’ फोर बाय फोरमध्ये, फोर-एच टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना करकचून बांधले जातात. दोघांनी सारखेच फेरे घ्यायचे. पण गाडी वळते तेव्हा पुढची चाकं बाहेरून मोठा फेरा घेतात आणि मागची आतून छोटा. फेरे सारखे, अंतर वेगळं; हा हिशेब कुठेतरी चुकता व्हायलाच हवा. चिखलात किंवा वाळूत चाक जरासं घसरतं आणि चुकता होतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही. मग तो फरक शाफ्टांत आणि गिअरांत पीळ होऊन साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, बेसमेंट पार्किंगमध्ये वळताना टायर चर्र करून उडी मारतात, आणि पीळ इतका बसतो की पेटीतली बाही दातांवरून सरकायला तयार होत नाही.

हे ज्यांचं होतं त्यांची गोष्ट साधारण एकच असते. पावसात ताम्हिणीला गेले, चिखल लागला, फोर-एच टाकलं, चिखल संपला, डांबर आलं, भजी खाल्ली, आणि थेट पुण्यापर्यंत फोर-एचमध्ये आले. ‘ग्रिप मस्त वाटत होती’ असंही वर सांगतात.

उपाय: मावसभावाला घरी पाठवा. सपाट, मोकळी जागा बघून गाडी सरळ मागे घ्या, आठ-दहा मीटर पुरतात. स्टिअरिंग अजिबात वळवू नका. क्लच दाबा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि लिव्हर दोन बोटांनी ओढा. नाही आला तर पुढे-मागे आणखी एकदा. एका बाजूची चाकं रस्त्याकडेच्या मातीवर घेतली तर पीळ आणखी लवकर उतरतो. खालून ‘टक्’ असा आवाज येईल आणि लिव्हर लोण्यातून आल्यासारखा येईल. एक चाक जॅकवर उचलूनही पीळ सुटतो, पण सुटताना ते चाक झटक्याने फिरतं. तो प्रकार जाणत्यांसाठी सोडा.

सरळ रस्त्यावरही असंच होत असेल तर संशय टायरांवर घ्या. पुढे नवे टायर, मागे गुळगुळीत झालेले; किंवा पंक्चर झाल्यावर लावलेली वेगळ्या मापाची स्टेपनी. दोनच टायर बदलून पैसे वाचवलेत ते इथे निघतात. टायरवर खडूने खूण करा, खूण जमिनीला टेकलेली असताना तिथे जमिनीवरही खूण करा, गाडी चाक एक पूर्ण फेरा घेईपर्यंत ढकला आणि अंतर टेपने मोजा. पुढचं आणि मागचं माप जुळत नसेल तर पेटी निर्दोष आहे. चारही टायरांत हवाही सारख्या हिशेबाने, म्हणजे दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा.

लो टाकायची रीत निराळी. फोर-एल चालत्या गाडीत पडत नाही. गाडी पूर्ण थांबवा, मुख्य गिअर न्यूट्रलला, क्लच खाली, मग लिव्हर. दात समोरासमोर आले असतील तर तेव्हाही अडतो. गाडी वीतभर सरकू द्या आणि पुन्हा टाका. काही गाड्यांना अगदी मुंगीच्या वेगाने सरकत असताना टाकलेलं आवडतं. तुमच्या गाडीला काय आवडतं ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीतून अजून न काढलेलं, पीयूसीच्या जुन्या पावत्यांखाली आहे.

पायरी चौथी: लिव्हर पडतो, पण पुन्हा उडतो

चढावर जोर लागला की लो सुटतं आणि लिव्हर एनला येऊन बसतो. आतला फोर्क झिजला असेल, खाचेत अडकणारी गोळी नि स्प्रिंग दमली असेल, हे सगळं शक्य आहे आणि ते खर्चिक आहे. म्हणून आधी खाली बघा, म्हणजे गाडीच्या नव्हे, तुमच्या पायाखाली. सेव्हन-डी मॅट टाकून घेतली आहे ना? जाड, शिवलेली, सोनेरी धाग्याची? तिची कड लिव्हरच्या बुडाला अडते, लिव्हर शेवटपर्यंत जात नाही, दात अर्धेच लागतात आणि जोर आला की सुटतात. मॅट वर करून लिव्हर पुन्हा टाकून बघा. मॅट नसेल तर इंजिन-गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग बसली आहेत का आणि लिव्हरच्या दांड्यांतले बुश ढिले आहेत का ते बघा. माउंटिंग बसलं की सगळी पेटीच खाली झुकते आणि लिव्हरचा हिशेब चुकतो.

पायरी पाचवी: चारही चाकं लागली म्हणता, मग मागचीच का फिरतात?

कोकणात किनाऱ्यावर गाडी घालायला मनाई असते. ती मोडून, भरती लागायच्या वेळेला, ओल्या वाळूत गाडी रुतवून घेणारे दर सुट्टीला निघतात आणि व्हिडिओत झळकतात. त्यात फोर बाय फोरवालेही असतात. मागची चाकं खोदत जातात, पुढची मात्र निवांत उभी. मालक म्हणतो, ट्रान्सफर केस गेली.

जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकांच्या मधोमध एक गोल चकती असते, तिच्यावर ‘लॉक’ आणि ‘फ्री’ लिहिलेलं असतं. ती फ्रीवर असेल तर आत लिव्हर कितीही टाका, ॲक्सल फिरतो आणि चाक नाही. लॉक करायला खाली उतरावं लागतं आणि ही अक्कल नेमकी गुडघाभर चिखलात सुचते. म्हणून चिखलाआधी लॉक करा, दोन्ही बाजूंचं. काही गाड्यांत हे काम हवेच्या ओढीने, बारीक रबरी नळीतून होतं. ती नळी निसटली, फाटली किंवा पावसाळ्यात बॉनेटमध्ये मुक्कामाला आलेल्या उंदराने कुरतडली, तर लक्षण तेच. नळीची किंमत किरकोळ. तिच्यापायी पेटी उतरवून घेऊ नका.

ट्रॅक्टरवाल्याचा नंबर मात्र आधीच घेऊन ठेवा. भरती चालू झाल्यावर विचारलेला भाव वेगळा असतो.

पायरी सहावी: आवाज ऐका, पण गाणी बंद करून

‘काहीतरी आवाज येतोय’ एवढ्यावर ट्रान्सफर केस उघडणं म्हणजे खर्चाला आमंत्रण. आवाज कधी येतो हे महत्त्वाचं. मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगाने तिसऱ्यात चालवा, मग त्याच वेगाने चौथ्यात. इंजिनाचे फेरे बदलले पण घूं घूं तशीच राहिली, तर आवाज गिअरबॉक्सच्या मागून येतो: ट्रान्सफर केसचं आउटपुट बेअरिंग, डिफरेन्शियल किंवा चाकाचं बेअरिंग. मग सपाट जागी, चाकांना विटा लावून, हँडब्रेक ओढून पेटी एनला टाका, गिअर टाका, क्लच सोडा. गाडी उभी राहील आणि पेटीची फक्त आत येणारी बाजू फिरेल. इथेही घरघर असेल तर गिअरबॉक्स किंवा पेटीचं पुढचं तोंड; शांत असेल तर ही दोन्ही नावं यादीतून खोडा. फोर-एलमध्ये चढावर जोर लावताना खाडकन दात चुकल्यासारखा आवाज आला तर मात्र चेनवाल्या पेटीत चेन ताणली गेलेली असू शकते. ही खरी तक्रार. तिला मॅट आणि विटांनी उत्तर नाही.

निघताना आणि रिव्हर्स टाकताना ‘ठक’ येत असेल तर शाफ्टच्या टोकाचा क्रॉस बघा. विटा लावलेल्या असू द्या, आता इंजिन बंद करून मुख्य गिअर न्यूट्रलला आणा. पुठ्ठ्यावर झोपा, शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळा. क्रॉसमध्ये ढिलाई जाणवली किंवा त्याच्या टोप्यांभोवती तांबूस गंजाची भुकटी दिसली, तर आतलं ग्रीस केव्हाच संपलं आहे. नुसतं ग्रीस मारून आता भागत नाही.

पायरी सातवी: ऑइल

खरं तर यालाच पहिली पायरी म्हणायला हवं होतं, पण मग कोणी पुढे वाचलंच नसतं.

पेटीला दोन प्लग असतात, वरचा ऑइल भरायचा आणि खालचा काढायचा. आधी वरचा सोडवा. खालचा उघडून सगळं ऑइल डब्यात घेतलं आणि मग वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही आणि गॅरेजवाल्याला घरी बोलवावं लागतं. वरचा निघाला की करंगळी आत घालून खाली वाकवा. बोटाचं टोक लगेच भिजलं पाहिजे. ऑइल प्लगच्या खालच्या कडेला टेकलेलं असावं. हे करताना गाडीच्या खालच्या बाजूचा वाळलेला चिखल नेमका डोळ्यात पडतो, म्हणून चष्मा लावा.

खालच्या प्लगला बहुधा लोहचुंबक असतं. त्यावर बारीक, करडा लगदा दिसेल, भिजवलेल्या मिश्रीसारखा. तो बोटांत चोळा. मऊ लागला तर घाबरू नका, झीज होणारच. चकाकणारे कण किंवा नखाएवढा तुकडा निघाला तर प्लग परत लावा आणि गाडी चालवू नका. ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर आत पाणी गेलं आहे. नदी ओलांडल्याचा व्हिडिओ तुमच्याच फोनमध्ये असेल. गरम झालेली पेटी थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. ते होऊ नये म्हणून वर ब्रीदरची नळी दिलेली असते. तिचं तोंड चिखलाने बुजलं की उलटाही त्रास होतो: आतली तापलेली हवा वाट न मिळाल्याने ऑइल सीलमधून ऑइल बाहेर ढकलते. सील बदलूनही पुन्हा गळतं, पुन्हा बदलतात, पुन्हा गळतं. ब्रीदर फुंकून बघायला काही लागत नाही.

एक नीट नजरेत ठेवण्यासारखं लक्षण: गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतंय, खाली थेंब नाही आणि ट्रान्सफर केसमधलं मात्र वाढलंय. दोघांच्या मधलं सील गेलं आहे, ऑइल घरातल्या घरात सरकतं आहे.

कुठलं ऑइल घालायचं याबद्दल चौकातल्या तज्ज्ञांचं ऐकू नका. जुन्या गिअरवाल्या पेट्यांना दाट गिअर ऑइल लागतं. चेनवाल्या कित्येक पेट्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ, बहुधा लाल ऑइल लागतं. ‘जाड घाला साहेब, आवाज बंद होतो’ म्हणणाऱ्यांच्या गाड्यांचा आवाज बंद होतो खरा, काही दिवस. बाकी गिअर ऑइलचा गंधकाचा वास कपड्यांतून जात नाही. तो बनियन वॉशिंग मशीनमध्ये टाकलात तर पुढची जबाबदारी लेखकाची नाही.

पायरी आठवी: खटकावाल्यांसाठी

लिव्हरऐवजी खटका असेल आणि डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकत राहिला, तर आधी फ्यूज, मग बॅटरी, मग पेटीवरच्या मोटरच्या कनेक्टरमधला चिखल, या क्रमाने बघा. तिथेच निम्मे दिवे विझतात. उरलेल्यांना संगणक लावणारा माणूस लागतो.

पायरी नववी: गॅरेज

इतकं करूनही तक्रार उरली असेल तर गॅरेजमध्ये जा, पण जाताच ‘ट्रान्सफर केस गेली आहे, उघडा’ म्हणू नका. उघडतील. तुम्ही गिऱ्हाईक आहात. त्याऐवजी सांगा: आवाज फोर-एचमध्ये येतो, टू-एचमध्ये नाही, चढावर येतो, सपाटीला नाही, गाडी तापल्यावर येतो, एनमध्ये शांत. सहा वाक्यं. हाताला काळं लागलेलं गिऱ्हाईक बघून चांगला मिस्त्री खूश होतो, आणि वाईट मिस्त्री जरा सावध होतो. दोन्ही तुमच्या फायद्याचं. पेटी उतरवलीच तर सगळी ऑइल सीलं त्याच वेळी बदलून घ्या. सील स्वस्त असतं, पेटी उतरवायची मजुरी नाही. आणि जुने पार्ट परत मागा, डब्यात घालून.

दुरुस्तीनंतर महिन्यातून एकदा फोर बाय फोर लावून पंधराएक किलोमीटर गाडी चालवा, म्हणजे पुढच्या बाजूचे सगळे भाग ऑइलात फिरून निघतात. बऱ्याच कंपन्यांची मॅन्युअलंही असंच सांगतात. जागा मातीची हवी: शेताचा रस्ता, मुरमाचा रस्ता, धरणाच्या कडेचा कच्चा रस्ता. पंधरा किलोमीटर फार वाटत असतील तर सासुरवाडी कोणत्या दिशेला आहे ते बघा, बहुतेकांना वाटेत कच्चा रस्ता लागतोच. फक्त पुन्हा डांबरावर चढण्याआधी टू-एच टाका. विसरलात तर पायरी तिसरी.